पंचवीसचे पंधरा : ब्लिंकिटच्या रेट कार्डाचं प्रकरण

एप्रिल २०२३च्या दुसऱ्या आठवड्यात दिल्ली, गुरुग्राम, नोएडा, गाझियाबाद या पट्ट्यातल्या ब्लिंकिट या किराणा घरपोच देणाऱ्या अॅपच्या अनेक स्टोअरबाहेर रायडरनी गाड्या लावल्या आणि ऑर्डर उचलायला नकार दिला. आधी एका ऑर्डरमागे किमान २५ रुपये मिळत होते. नव्या रेट कार्डात किमान रक्कम १५ रुपयांवर आली आणि त्यावरचे पैसे अंतराप्रमाणे मिळतील असं ठरलं. दिवसाची कमाई जवळजवळ निम्म्यावर येते, असं रायडर सांगत होते. काही दिवस त्या भागातली कित्येक स्टोअर बंद राहिली, अॅपवर ऑर्डर घेणं थांबलं. आठवडाभर बातम्या आल्या आणि मग विषय मागे पडला.

मला हे प्रकरण अजूनही महत्त्वाचं वाटतं. दहा मिनिटांत किराणा पोचवणाऱ्या धंद्याबद्दल बोलताना आपण बहुतेक वेळा रस्त्यावरच्या वेगाबद्दल बोलतो : पोरं गाड्या पळवतात, सिग्नल तोडतात, अपघात होतात. ती काळजी खरीच आहे. पण या धंद्याचा वेग तयार होतो स्टोअरच्या जागेत आणि मांडणीत. स्टोअर गिऱ्हाइकाच्या जितकं जवळ येतं, तितकी अंतरावर मोजलेली रायडरची फेरी स्वस्त होत जाते. त्यामुळे पंचवीसचे पंधरा का झाले हे समजून घ्यायचं, तर आधी दहा मिनिटं कशी बनतात ते पाहावं लागतं.

ग्रोफर्स ते ब्लिंकिट

ग्रोफर्स ही कंपनी अलबिंदर धिंडसा आणि सौरभ कुमार यांनी डिसेंबर २०१३ मध्ये सुरू केली. सुरुवातीची कल्पना साधी होती. शेजारच्या दुकानातून माल उचलायचा आणि गिऱ्हाइकाच्या दारात द्यायचा. दुकान दुसऱ्याचं, माल दुसऱ्याचा, कंपनीचं फक्त अॅप आणि पोचवणारा माणूस. यात पाचवीला पुजलेली अडचण म्हणजे दुकानाच्या फळीवर आत्ता काय शिल्लक आहे हे अॅपला कळायचं नाही. जानेवारी २०१६ मध्ये कंपनीने नऊ लहान शहरांतून काम गुंडाळलं. त्यात आपलं नाशिकही होतं. पुढची काही वर्षं मोठ्या गोदामातून, ठरलेल्या वेळेला, बहुधा दुसऱ्या दिवशी माल पोचवण्यात गेली.

२०२१च्या ऑगस्टमध्ये कंपनीने दहा मिनिटांचा नारा दिला आणि १३ डिसेंबर २०२१ रोजी नाव बदलून ब्लिंकिट केलं. त्याच महिन्यात आणखी एक निर्णय झाला, त्याकडे फारसं कुणी लक्ष दिलं नाही. ज्या भागांत दहा मिनिटांत पोचता येत नाही, तिथली सेवा कंपनीने थांबवून टाकली. चालू धंदा, रोजची गिऱ्हाइकं, सगळं सोडलं. म्हणजे दहा मिनिटं साधण्यासाठी कंपनीने आधी स्वतःचा नकाशा आखडता घेतला.

स्टोअर उभारायला पैसा पाण्यासारखा लागतो आणि तो पुरेना. मार्च २०२२ मध्ये झोमॅटोने कंपनीला १५ कोटी डॉलरपर्यंतचं कर्ज देऊ केलं. जूनमध्ये ४,४४७ कोटी रुपयांना, शेअरच्या बदल्यात, ती विकत घ्यायचं जाहीर केलं आणि ऑगस्टमध्ये व्यवहार पुरा झाला. गुंतवणूकदारांना हा सौदा पचला नाही. जुलै २०२१ मध्ये ७६ रुपयांना विक्रीला आलेला झोमॅटोचा शेअर जुलै २०२२ मध्ये पन्नासच्याही खाली गेला. तोट्यातला धंदा लवकर ताळ्यावर आणून दाखवा, हा दबाव ब्लिंकिटवर त्या दिवसापासून होता. रेट कार्ड बदललं ते या दबावाच्या काळात.

स्टोअरच्या आत

डार्क स्टोअर म्हणजे गिऱ्हाइकाला आत प्रवेश नसलेलं दुकान. साधारण तीन-चार हजार चौरस फुटांची जागा, बहुधा आतल्या गल्लीत किंवा इमारतीच्या तळमजल्यावर, कारण दर्शनी काचेचं भाडं भरायचं कारणच नसतं. ओळीने लोखंडी रॅक, प्रत्येक रॅकला, फळीला आणि खणाला नंबर. माल कसा मांडायचा याचे नियम घरच्या कपाटासारखे नसतात. तूरडाळीशेजारी मूगडाळच असली पाहिजे असं नाही. किंबहुना एकसारखी दिसणारी दोन पाकिटं शेजारी ठेवणं टाळतात, म्हणजे घाईत चुकीचं पाकीट उचललं जात नाही. जे रोज शंभरदा निघतं ते पॅकिंगच्या टेबलाजवळ, कमरेच्या उंचीवर. दूध, दही, पनीर शीतकपाटात. आइस्क्रीम आणि गोठवलेले वाटाणे डीप फ्रीझरमध्ये, आणि ते सगळ्यात शेवटी उचलायचे.

ऑर्डर पडली की पिकरच्या, म्हणजे रॅकमधून वस्तू गोळा करणाऱ्याच्या, हातातल्या यंत्रावर यादी येते, आणि ती यादी गिऱ्हाइकाने ज्या क्रमाने वस्तू निवडल्या त्या क्रमाने नसते. पिकरची चाल कमीत कमी व्हावी असा रस्ता आखून वस्तू त्या क्रमाने दाखवल्या जातात. खणापाशी जायचं, वस्तू स्कॅन करायची, चुकीची असेल तर यंत्र लगेच ओरडतं, पुढचा खण. शेवटी कागदी पिशवी, त्यावर स्टिकर, आणि पिशवी दाराजवळच्या फळीवर. रायडरला ऑर्डर मिळते ती बहुतेक वेळा पिशवी भरत असतानाच, भरून झाल्यावर नव्हे. दोन कामं एकाच वेळी चालतात आणि तिथे एक-दोन मिनिटं वाचतात.

रात्री किंवा पहाटे मोठ्या गोदामातून गाडी येते. आलेला माल मोजून, मुदत बघून खणात लावायचा असतो, जुनी मुदत पुढे आणि नवी मागे. कुठल्या स्टोअरला किती कोथिंबीर, किती पावाच्या लाद्या, मुलांचे किती डायपर पाठवायचे हे त्या भागाच्या आधीच्या ऑर्डरींवरून ठरतं. हा अंदाज चुकला की दोन्हीकडून मार बसतो. माल कमी पडला तर ऑर्डर जाते, जास्त झाला तर फेकावा लागतो. या धंद्याचं खरं कौशल्य इथे आहे असं मला वाटतं आणि त्याबद्दल मनापासून आदरही वाटतो. आपल्याला दिसते फक्त दारात आलेली पिशवी. तिच्यामागे भाकितं, मांडणी आणि पहाटेची हमाली असते.

ऑगस्ट २०२१ मध्ये टीका झाली तेव्हा धिंडसा यांनी जो खुलासा केला तो या मांडणीवरच उभा होता. स्टोअर गिऱ्हाइकापासून दोन किलोमीटरच्या आत आहे, ऑर्डर अडीच मिनिटांच्या आत भरून होते, म्हणजे दोन किलोमीटर जायला साडेसात मिनिटं उरतात. ताशी १६ किलोमीटरने गाडी चालवली तरी माणूस पोचतो. हिशेब बरोबर आहे. ताशी १६ हा काही भरधाव वेग नव्हे. रायडरला घाई करायची गरज नाही, हे कंपनीचं म्हणणं कागदावर खोडून काढता येत नाही.

एका फेरीची किंमत

पण या हिशेबातून एक गोष्ट सुटते. रायडरचा दिवस अंतराने बनलेला नसतो, वेळेने बनलेला असतो.

एक फेरी सुटी करून बघू. स्टोअरबाहेर थांबणं. ऑर्डर मिळाली की आत जाऊन पिशवी घेणं, स्टिकर तपासणं. मग गाडी चालवणं. मग सोसायटीचं गेट. पुण्या-मुंबईत हा टप्पा काय असतो ते टॉवरमध्ये राहणाऱ्यांना ठाऊक आहे : वॉचमन नाव-नंबर नोंदवतो, घरून मंजुरी येईपर्यंत थांबवतो, गाडी आत नेऊ देत नाही, मुख्य लिफ्ट वापरू देत नाही आणि मागची सर्व्हिस लिफ्ट बाविसाव्या मजल्यावर अडकलेली असते. पिशवी देऊन खाली उतरायचं, गेटवर परत सही, आणि रिकाम्या हाताने स्टोअरपाशी. या साऱ्यात गाडी चालवण्याचा भाग थोड्याच मिनिटांचा. बाकीचा वेळ तिन्हीसांजेला आणि रविवारी उलट वाढतोच.

आता समजा, एका रायडरच्या स्टोअरची हद्द तीन किलोमीटरची होती. कंपनीने मध्ये आणखी दोन स्टोअर उघडली आणि बहुतेक ऑर्डर सव्वा किलोमीटरच्या आत आल्या. गिऱ्हाइकाचा फायदा, कंपनीचा फायदा. रायडरचीही गाडी चालवायची काही मिनिटं वाचली. पण गेट तेच, लिफ्ट तीच, थांबणं तेच. मोबदला अंतरावर मोजला तर फेरीचे पैसे घटतात, आणि वेळ मात्र त्या प्रमाणात घटत नाही. कंपनी स्टोअरचं जाळं जितकं दाट विणेल, तितकं अंतरावर मोजलेलं काम स्वस्त होत जाणार. यात कुणाचा दुष्टपणा शोधायची गरज नाही. मोजपट्टीच तशी निवडली आहे.

कंपनीने तेव्हा बाजू मांडली ती अशी, की नवी रचना ऑर्डर पुरी करायला लागणाऱ्या श्रमानुसार मोबदला देते. लांबच्या फेरीला जास्त, जवळच्या फेरीला कमी, हे ऐकायला न्याय्यच वाटतं. २५ रुपयांच्या जुन्या सपाट दरात तीन किलोमीटर जाणारा आणि तीनशे मीटर जाणारा यांना सारखे पैसे मिळत, हेही खरं. कंपनीची अडचणही खरी होती. जानेवारी ते मार्च २०२३ या तिमाहीत ब्लिंकिटची सरासरी ऑर्डर साधारण ५२२ रुपयांची होती. किराण्यात नफ्याची फट बारीक. विक्रेत्यांकडून मिळणारं कमिशन, ब्रँडच्या जाहिराती, आणि गिऱ्हाइकाकडून घेतलेलं डिलिव्हरी व हँडलिंगचं शुल्क, एवढ्यात भाडं, वीज, पिकरचे पगार, नासलेला माल आणि पोचवण्याचा खर्च बसवायचा. पोचवण्याचा खर्च या सगळ्यात मोठ्या बाबींपैकी एक. तो कमी केल्याशिवाय हिशेब जुळत नव्हता.

कंपनीच्या बाजूने आणखी एक उत्तर देता येतं : फेरी छोटी झाली तर तासाला फेऱ्या जास्त होतील आणि कमाई भरून निघेल. हे होऊ शकतं, पण एका अटीवर. फेऱ्या जास्त व्हायच्या तर ऑर्डर सतत पडत राहिल्या पाहिजेत आणि स्टोअरबाहेर रायडरची गर्दी नसली पाहिजे. या धंद्याला तेच परवडत नाही. ऑर्डर पडताक्षणी कुणीतरी मोकळा माणूस दारात उभा असला, तरच दहा मिनिटं निभतात. सगळे रायडर फेरीवर असतील तर पुढची पिशवी फळीवर पडून राहते. म्हणून संध्याकाळी सात वाजता लागतील तेवढी माणसं साडेसहालाच दारात हवी असतात, आणि दुपारी तीन वाजताही काही जण हवेच असतात. हे थांबणं म्हणजे आळस नव्हे. गिऱ्हाइकाला विकलेल्या सेवेचा तो भाग आहे. अग्निशमन दलाच्या जवानाला आग न लागलेल्या तासांचाही पगार मिळतो, कारण त्याचं तयार असणं हीच सेवा असते. इथे तयार असण्याचा दर शून्य धरला आहे.

माझ्या घराजवळ अशाच एका कंपनीचं स्टोअर आहे. संध्याकाळी त्याच्या फुटपाथवर पंधरा-वीस गाड्या तिरक्या लावलेल्या असतात. कुणी गाडीवरच बसून वडापाव खातो, कुणी मोबाइल पॉवर बँकेला लावून बघत बसतो. आवाज आला की तिघं-चौघं एकदम आपापल्या फोनकडे बघतात, एकजण उठतो. "दादा, ऑर्डर नसली की काय?" असं एकाला विचारलं तर म्हणाला, "काही नाही. पडली तर पैसे, नाही पडली तर घरच्या पेट्रोलने आलो नि गेलो." त्याने हे तक्रारीच्या सुरातही सांगितलं नाही, कामाचा नियम सांगावा तसं सांगितलं.

संपाचं काय झालं

संप मोडला. आठवड्याभरात बहुतेक स्टोअर पुन्हा सुरू झाली, नवं रेट कार्ड राहिलं. आयडी बंद केल्याच्या तक्रारी रायडरनी केल्या. बरेच जण दुसऱ्या अॅपवर गेले. संघटना नाही, हजेरीपट नाही, मालक कोण हेही कागदावर धूसर, अशा स्थितीत एवढा संप झाला हेच विशेष म्हणायला हवं.

मालक धूसर असणं हा या धंद्याच्या रचनेचाच भाग होता. परदेशी भांडवलावर चालणाऱ्या बाजारपेठ-अॅपला स्वतःचा माल ठेवून विकता येत नाही, असा आपल्याकडचा नियम आहे. त्यामुळे कागदावर माल विक्रेत्याचा, स्टोअर भलत्याच कंपनीचं आणि रायडर 'पार्टनर'. ब्लिंकिटची मालक कंपनी २०२५ मध्ये भारतीय नियंत्रणाखालची ठरली आणि माल स्वतःकडे ठेवायची वाट तिला मोकळी झाली. रायडर मात्र पार्टनरच राहिले.

धंदा त्यानंतर जोरात वाढला. मार्च २०२३ अखेर ३७७ स्टोअर होती, वर्षाने ५२६ आणि मार्च २०२५ अखेर १,३०१. सरासरी ऑर्डर ६६५ रुपयांपर्यंत चढली. मार्च २०२४ या महिन्यात आपल्या मोजमापानुसार तोटा पुसला गेल्याचं कंपनीने नंतर जाहीर केलं. हे सगळं रेट कार्डामुळे झालं असं मी म्हणणार नाही. त्यात जाहिरातीचं उत्पन्न आहे, महागड्या वस्तू यादीत आल्या हे आहे, एका स्टोअरमागच्या वाढत्या ऑर्डरी आहेत. पण जाळं दाट होत गेलं, म्हणजे वर सांगितलेलं गणित आणखी लागू होत गेलं, एवढं नक्की.

युरोपात हाच खेळ उलटा झाला. इस्तंबूलची गेतिर ही कंपनी २०१५ची, म्हणजे या धंद्यातली फार जुनी. २०२१ मध्ये ती लंडनला गेली, मग भराभर इतर देशांत. मार्च २०२२ मध्ये तिचं मूल्य जवळजवळ १२ अब्ज डॉलर धरलं गेलं आणि त्याच वर्षअखेरीस तिने बर्लिनची गोरिलाज विकत घेतली. २०२३ मध्ये स्पेन, इटली, पोर्तुगाल, फ्रान्स सोडलं आणि एप्रिल २०२४ मध्ये ब्रिटन, जर्मनी, नेदरलँड्स, अमेरिकाही सोडत असल्याचं सांगून ती तुर्कीला परतली. कारणं अनेक होती : कोविड सरल्यावर लोक पुन्हा दुकानात गेले, स्वस्त भांडवल आटलं, अॅम्स्टरडॅमसारख्या शहरांनी २०२२ मध्ये नव्या डार्क स्टोअरना बंदी घातली. पण हिशेबाच्या वहीत एक ओळ आपल्यापेक्षा वेगळी होती. तिथे या कंपन्यांनी बरेचसे रायडर तासाच्या पगारावर, नोकर म्हणून ठेवले होते. थांबण्याच्या मिनिटांचे पैसे कंपनी भरत होती. आपल्याकडे ती ओळ रायडरच्या खात्यात लिहिली जाते. भारतात हा धंदा का टिकला याच्या स्पष्टीकरणात दाट वस्ती, छोटी घरं आणि रोजच्या खरेदीची सवय हे सांगतात, आणि ते बरोबरच आहे. त्यात ही ओळही घातली पाहिजे.

नारा गेला, अंतर राहिलं

२५ आणि ३१ डिसेंबर २०२५ला देशभर पुन्हा संपाची हाक दिली गेली. या वेळी मागण्यांत दहा मिनिटांची हमी बंद करा ही मागणी ठळक होती. जानेवारी २०२६ मध्ये केंद्रीय श्रममंत्री मनसुख मांडविया यांनी कंपन्यांशी बोलणी केली आणि ब्लिंकिटने आपल्या ब्रीदवाक्यातून दहा मिनिटं काढून टाकली. त्याच सुमारास झोमॅटोचे संस्थापक दीपिंदर गोयल यांनी ब्लिंकिटचे आकडे जाहीर केले : सरासरी अंतर २.०३ किलोमीटर, लागणारा वेळ साधारण आठ मिनिटं, सरासरी वेग ताशी १६ किलोमीटर. २०२१चा खुलासा शेजारी ठेवून बघा, तेच दोन किलोमीटर आणि जवळपास तेवढीच मिनिटं. म्हणूनच नारा काढणं कंपनीला जड गेलं नाही. वेग शब्दांत नव्हताच, स्टोअरच्या पत्त्यात होता आणि ती स्टोअर जागेवर आहेत. रस्त्यावरची घाई एका शब्दाने जरी कमी झाली तरी मला ती हवीच आहे. पण २०२३च्या संपाचा प्रश्न दराचा होता, आणि त्याला कुणी हात लावला नाही.

कायदा कुठवर आला आहे? २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्यानुसार अॅप कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम, पण रायडरना दिलेल्या पैशांच्या पाच टक्क्यांपेक्षा जास्त नाही, कल्याण निधीत भरायची आहे. विमा, आजारपण, म्हातारपण यांसाठी हे हवंच होतं. एका ऑर्डरला किमान किती द्यायचे याबद्दल संहिता काही सांगत नाही.

आपल्या राज्यातलं एक उदाहरण इथे उपयोगी पडेल. जून २०२५च्या सुरुवातीला अन्न व औषध प्रशासनाने ब्लिंकिटची स्पर्धक असलेल्या झेप्टोच्या धारावीतल्या स्टोअरचा अन्न परवाना निलंबित केला. तपासणीत बुरशी, साचलेल्या घाण पाण्याजवळ ठेवलेला माल, शीतकपाटाचं न पाळलेलं तापमान आढळलं होतं. पुढे सुधारणा झाल्यावर निलंबन मागे घेतलं. त्याच दिवसांत पुण्यात बालेवाडीच्या एका ब्लिंकिट स्टोअरवरही परवान्यावरून कारवाई झाली. मुद्दा असा की स्टोअरमधल्या तापमानाला मर्यादा आहे, ती मोजायला निरीक्षक आहे आणि न पाळल्यास शटर खाली ओढायचा अधिकार आहे. रेट कार्डाला यातलं काहीच नाही. ते एका रात्रीत बदलतं आणि सकाळी लॉगिन केल्यावर कळतं.

यातल्या शेवटच्या भागावर कर्नाटकाने उपाय केला आहे. २०२५ मध्ये झालेल्या त्यांच्या कायद्यात अटी बदलायच्या तर १४ दिवस आधी कळवावं लागतं. एप्रिल २०२३ मध्ये दिल्लीत अशी तरतूद असती तर दर कदाचित तोच लागला असता, पण बोलणी करायला दोन आठवडे मिळाले असते. महाराष्ट्राने एवढं तरी करावं. आणि दराबद्दल मला वाटतं ते असं : प्रत्येक फेरीला थांबण्याच्या मिनिटांचा वेगळा भाव धरावा आणि तो ऑर्डर स्वीकारण्याआधी पडद्यावर दिसावा. यासाठी नवं काही शोधायला नको. रायडर लॉगिन कधी झाला, ऑर्डर कधी मिळाली, पिशवी कधी हातात आली, गेटवर किती वेळ गेला आणि दारात कधी दिली, ही प्रत्येक वेळ कंपनीच्या सर्व्हरवर आजही सेकंदाच्या हिशेबात नोंदली जाते.